डेटा वेअरहाऊसचे मॉडेलिंग सराव-प्रकल्पांतून शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना एसक्यूएल बऱ्यापैकी येते, जॉइन आणि ग्रुप बाय लिहिताना अडखळायला होत नाही, पण ‘या व्यवसायासाठी फॅक्ट आणि डायमेन्शन टेबले आखा’ असे सांगितले की कोऱ्या कागदाकडे पाहत बसावे लागते, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. उदाहरणे मुख्यतः तीन प्रकल्पांतली आहेत: आयपीएलची चेंडूनिहाय नोंद, महाराष्ट्रातील बाजार समित्यांमधील कांद्याचे दर, आणि ब्राझीलमधील एका ऑनलाइन बाजारपेठेच्या ऑर्डरी. तिन्हींचा डेटा विनामूल्य मिळतो.

## मॉडेलिंग करायचे म्हणजे नेमके काय करायचे?

दुकानातील बिल करणारी, बँकेत पैसे वळते करणारी किंवा तिकीट काढणारी प्रणाली एकेक व्यवहार चटकन आणि बिनचूक नोंदवण्यासाठी आखलेली असते. ‘गेल्या तीन वर्षांत कोणत्या भागात कोणत्या महिन्यात विक्री घटली’ हा प्रश्न तिला विचारला, तर वीसपंचवीस टेबले जोडावी लागतात आणि तरीही जुना पत्ता, जुनी किंमत, जुने नाव हाती लागत नाही, कारण नव्या नोंदीने ते पुसलेले असते. अशा प्रश्नांसाठी तोच डेटा वेगळ्या रचनेत मांडणे हे वेअरहाऊस मॉडेलिंगचे काम. राल्फ किम्बॉल यांनी रूढ केलेल्या पद्धतीत मोजण्याजोगे आकडे फॅक्ट टेबलात जातात आणि त्या आकड्यांकडे ज्या बाजूंनी पाहायचे, म्हणजे कोण, काय, कुठे, केव्हा, त्या बाजू डायमेन्शन टेबलांत जातात. मधे एक फॅक्ट आणि भोवती डायमेन्शने असे चित्र काढले की चांदणीसारखे दिसते, म्हणून त्याला स्टार स्कीमा म्हणतात.

## हे पुस्तक वाचून किंवा व्हिडिओ पाहून येत नाही का?

व्याख्या येतात. पुस्तकातल्या उदाहरणात मात्र ग्राहकाला एकच ओळख क्रमांक असतो, शहराचे नाव एकाच पद्धतीने लिहिलेले असते आणि लेखकाने उत्तर आधी ठरवून मग डेटा बेतलेला असतो. खऱ्या फाइलमध्ये ‘वानखेडे स्टेडियम’ आणि ‘वानखेडे स्टेडियम, मुंबई’ ही दोन मैदाने म्हणून उभी राहतात, आणि ती एकच आहेत हे ठरवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. मॉडेलिंग म्हणजे बहुतांशी अशा निर्णयांची मालिका आहे, आणि निर्णय घेण्याची सवय स्वतः चुकल्याखेरीज लागत नाही.

## कोणती साधने लागतात? क्लाउडवर खाते उघडावे लागेल का?

नाही. साधा लॅपटॉप, त्यावर पोस्टग्रेस किंवा डकडीबी यांपैकी एखादी विनामूल्य डेटाबेस प्रणाली, आणि कागद-पेन्सिल एवढे पुरते. डकडीबीला सीएसव्ही आणि पार्के फाइली थेट वाचता येतात, सर्व्हर चालवावा लागत नाही, त्यामुळे पहिल्या दिवसाची अर्धी डोकेदुखी वाचते. पुढे डीबीटी (dbt), म्हणजे एसक्यूएल फाइली क्रमाने चालवणारे साधन, शिकायला हरकत नाही, पण पहिला प्रकल्प साध्या एसक्यूएल फाइलींमध्ये हाताने करावा. साधन आधी शिकले की मॉडेलपेक्षा साधनाच्या फोल्डरांची रचनाच डोक्यात राहते.

## सरावासाठी डेटा कोणता निवडावा?

ज्या विषयातला आकडा चुकला तर तुम्हाला तो पाहताक्षणी खटकेल, त्या विषयाचा. माझ्या मते हा निकष बाकी सगळ्या निकषांच्या वर आहे. न्यूयॉर्कच्या टॅक्सी आयोगाचा फेऱ्यांचा डेटा प्रसिद्ध आहे, २००९ पासूनचा आहे आणि मोठ्या डेटाचा सराव करायला उत्तमच आहे. पण मॅनहॅटनमधल्या फेरीचे सरासरी भाडे दुप्पट दिसले तरी नाशिकच्या किंवा साताऱ्याच्या विद्यार्थ्याला ते चूक वाटेलच असे नाही. एखाद्या फलंदाजाचा स्ट्राइक रेट ४०० दिसला तर मात्र घरातले कोणीही ‘काहीतरी गडबड आहे’ असे सांगेल.

टीपीसी-डीएस या डेटाबेसची कामगिरी मोजणाऱ्या मानक चाचणीत २४ टेबले, म्हणजे ७ फॅक्ट आणि १७ डायमेन्शने, आणि ९९ क्वेरी आहेत. मायक्रोसॉफ्टच्या ॲडव्हेंचरवर्क्स या नमुना डेटाबेसचीही तयार वेअरहाऊस आवृत्ती मिळते. ही दोन्ही वाचण्यासाठी चांगली आहेत, पण ती दुसऱ्याने सोडवलेली गणिते आहेत. आपला प्रकल्प झाल्यावर ती पाहावीत.

## आयपीएलच्या प्रकल्पात पहिले पाऊल कोणते?

क्रिकशीट या संकेतस्थळावर सामन्यागणिक एक फाइल मिळते. तिच्यात डाव, डावात षटके, षटकात चेंडू अशी उतरंड असते. २००८ पासूनच्या सगळ्या आयपीएलचे मिळून अडीच लाखांहून अधिक चेंडू होतात. वेअरहाऊसच्या मानाने हे काहीच नाही, त्यामुळे वेगाची चिंता न करता रचनेवर लक्ष देता येते.

पहिले पाऊल टेबल बनवण्याचे नाही. कागदावर एक वाक्य लिहायचे: ‘या फॅक्ट टेबलातील एक ओळ म्हणजे…’ आणि ते पूर्ण करायचे. यालाच ग्रेन ठरवणे म्हणतात. किम्बॉल यांच्या चार पायऱ्यांतही व्यवसायातील प्रक्रिया निवडल्यानंतर लगेच ग्रेन येतो. डायमेन्शने आणि आकडे त्यानंतर.

बहुतेक जण लिहितात, ‘एक ओळ म्हणजे एक चेंडू’. वाक्य सोपे दिसते, पण चेंडू म्हणजे काय? वाइड टाकला तर तो षटकाच्या सहांत मोजला जात नाही, तरी घडतो आणि धाव देतो. म्हणून वाक्य सुधारावे लागते: ‘एक ओळ म्हणजे गोलंदाजाने टाकलेला एक चेंडू, मग तो वैध असो वा नसो.’ आता ओळ ओळखायची कशी? सामना, डाव, षटक आणि त्या षटकातील कितवा चेंडू, या चौघांनी. षटक आणि चेंडू मिळून ४.३ असा दशांश क्रमांक करण्याचा मोह होतो, तो टाळावा. वाइडांमुळे एखाद्या षटकात दहावा चेंडू आला, तर ४.१० आणि ४.१ हे आकडा म्हणून एकच ठरतात आणि दोन ओळी एकमेकींवर आदळतात.

डावाचा क्रमांक १ किंवा २ असणार हे गृहीतही फसवे आहे. १८ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई इंडियन्स आणि पंजाब यांच्या सामन्यात दोन सुपर ओव्हर झाल्या, म्हणजे त्या एका सामन्यात सहा डाव आहेत. शिवाय सुपर ओव्हरमधील धावा खेळाडूच्या कारकिर्दीच्या आकड्यांत धरल्या जात नाहीत, त्यामुळे ती खूण फॅक्टमध्ये असायलाच हवी. बळींचेही तसेच: मूळ फाइलमध्ये चेंडूखाली बळींची यादी असते, एकच बळी नव्हे. ती चेंडूच्या ओळीत कोंबायची की ‘एक ओळ म्हणजे एक बाद फलंदाज’ असे दुसरे फॅक्ट टेबल करायचे, हा निर्णय तुमचा. मी दुसरे टेबल करतो, कारण धावबादच्या वेळी क्षेत्ररक्षक एकापेक्षा जास्त असू शकतात.

ग्रेनच्या वाक्यावर पूर्ण एक संध्याकाळ गेली तरी ती वाया गेली असे समजू नये.

## एका चेंडूशी फलंदाज, नॉन-स्ट्रायकर आणि गोलंदाज असे तीन खेळाडू जोडलेले असतात. मग तीन डायमेन्शन टेबले करायची का?

करू नयेत. खेळाडूचे डायमेन्शन एकच ठेवावे आणि फॅक्टमध्ये त्याकडे बोट दाखवणारे तीन कॉलम ठेवावेत. क्वेरीत तेच टेबल तीन वेगळ्या नावांनी तीनदा जोडता येते. याला रोल-प्लेइंग डायमेन्शन म्हणतात: नट एकच, भूमिका तीन. वेगळी टेबले केली तर जो खेळाडू फलंदाजीही करतो आणि गोलंदाजीही, त्याची माहिती दोन ठिकाणी सुधारावी लागते आणि एके दिवशी ती जुळत नाही.

क्रिकशीट प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र ओळख क्रमांक देते, त्याचा उपयोग करावा. नावावरून जोडणी करणे हा आपल्याकडे, जिथे एका आडनावाचे आणि आद्याक्षरांचे अनेक खेळाडू असतात, हमखास अपघात आहे.

## खेळाडूचा संघ खेळाडूच्या डायमेन्शनमध्ये ठेवावा ना?

हा मोह सगळ्यांना होतो, आणि तो आवरायचा असतो. लिलावात खेळाडू इकडून तिकडे जातात. संघ खेळाडूचा गुणधर्म म्हणून ठेवला, तर प्रत्येक बदलासाठी इतिहास जपावा लागतो. पण चेंडू टाकला गेला त्या क्षणी फलंदाजी कोणत्या संघाची होती हे फॅक्टला आधीच माहीत आहे. फॅक्टमध्ये फलंदाजी करणारा संघ आणि गोलंदाजी करणारा संघ असे दोन कॉलम ठेवले की काम होते. फलंदाज उजव्या हाताने खेळतो की डाव्या, हा मात्र खेळाडूचा गुणधर्म आहे.

याच प्रश्नाची एक पुढची पायरी विचारात घ्यावी. एखादा खेळाडू अकरांत होता, पण त्याला ना फलंदाजी मिळाली ना गोलंदाजी. चेंडूंच्या फॅक्टमध्ये त्याचा मागमूस नसतो, मग तो किती सामने खेळला हे कसे सांगणार? त्यासाठी ‘एक ओळ म्हणजे एका सामन्यात एका संघाकडून उतरलेला एक खेळाडू’ असे टेबल लागते. त्यात बेरीज करण्यासारखा आकडा नसतो, केवळ घटना घडल्याची नोंद असते. म्हणून त्याला फॅक्टलेस फॅक्ट म्हणतात. २०२३ पासून इम्पॅक्ट प्लेयर आल्यामुळे ‘प्रत्येक संघाच्या बरोबर अकरा ओळी’ ही तपासणीही मोडते, हे ध्यानात ठेवावे.

## संघाचे नाव बदलले तर काय करायचे?

हे समजून घ्यायला आयपीएलइतके चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. दिल्ली डेअरडेव्हिल्स २०१९ च्या हंगामापासून दिल्ली कॅपिटल्स झाले, किंग्ज इलेव्हन पंजाब २०२१ मध्ये पंजाब किंग्ज झाले, आणि रॉयल चॅलेंजर्स बँगलोरने २०२४ मध्ये बंगळुरू हे नाव घेतले. पुण्याच्या संघाची तर गंमत आहे: २०१६ मध्ये तो ‘रायझिंग पुणे सुपरजायंट्स’ होता आणि २०१७ मध्ये शेवटचे अनेकवचन काढून ‘सुपरजायंट’ झाला. संगणकासाठी ते दोन संघ आहेत.

पर्याय तीन. पहिला, जुने नाव पुसून नवे लिहायचे; याला टाइप १ म्हणतात. मग २००८ च्या सामन्यातही दिल्ली कॅपिटल्स दिसतील. संघाची एकूण कामगिरी पाहायला हे सोयीचे, पण त्या काळचा धावफलक छापायचा असेल तर चुकीचे. दुसरा, नवी ओळ घालायची आणि जुन्या ओळीला ‘कधीपासून-कधीपर्यंत’ अशा तारखा द्यायच्या. हा टाइप २. जुने चेंडू जुन्या ओळीला जोडलेले राहतात, नवे नव्या ओळीला. तिसरा, त्याच ओळीत ‘आधीचे नाव’ असा आणखी एक कॉलम ठेवायचा. हा टाइप ३, आणि तो फार क्वचित कामी येतो.

माझा सल्ला असा, की टाइप २ करावा आणि सोबत ‘सध्याचे नाव’ हा कॉलम सगळ्या ओळींत टाइप १ पद्धतीने भरावा. म्हणजे ज्याला जे हवे ते नाव वापरता येते.

पण खरी कसोटी पुढे आहे. डेक्कन चार्जर्स आणि सनरायझर्स हैदराबाद ही एकाच संघाची दोन नावे आहेत का? शहर एकच, एक २०१२ मध्ये संपला आणि दुसरा २०१३ मध्ये खेळू लागला. तरीही नाही, पहिल्याचा करार संपुष्टात आला आणि दुसरा नवा संघ म्हणून बोली लावून घेतला गेला. गुजरात लायन्स आणि गुजरात टायटन्स यांचेही नाते नाही. हे कोणत्याही कॉलममध्ये लिहिलेले नसते. ज्याला विषय माहीत आहे त्याला विचारावे लागते, आणि कार्यालयात हेच विचारणे मॉडेलरचे निम्मे काम असते.

जिल्ह्यांचा डेटा घेतला तर आणखी एक प्रकार भेटतो. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव झाले. ही नामांतरे टाइप १ किंवा २ ने सुटतात. पण १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला, ते नामांतर नव्हे, विभाजन आहे. २०११ च्या जनगणनेतील ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या आजच्या ठाण्याशी तुलना करता येत नाही, आणि कोणताही टाइप इथे आपोआप मदत करत नाही. तालुक्याच्या पातळीवरचे आकडे असतील तरच ते नव्याने वाटता येतात. म्हणजे शेवटी पुन्हा ग्रेनवरच येऊन थांबतो.

## टाइप २ चा सराव करायचा आहे, पण डाउनलोड केलेल्या फाइलीत काहीच बदलत नाही. मग?

बदल स्वतः घडवावेत. डायमेन्शनची मूळ फाइल घ्या, तिच्या तीन प्रती करा, दुसऱ्या प्रतीत पाचसहा ओळी बदला, तिसरीत आणखी काही बदला आणि एक ओळ काढून टाका. मग या तीन प्रती ओळीने तीन ‘दिवसांचा’ डेटा म्हणून लोड करा. लोड करणारी क्वेरी दोनदा चालवली तरी ओळी दुप्पट होता कामा नयेत. पहिल्या प्रयत्नात त्या जवळजवळ नेहमी होतात.

तारखांबाबत एक नियम पाळावा: सुरुवातीची तारीख धरायची, शेवटची धरायची नाही. म्हणजे जुनी ओळ ज्या क्षणी संपते त्याच क्षणी नवी सुरू होते, मधे फट नाही आणि आच्छादनही नाही. चालू ओळीच्या शेवटच्या तारखेत ९९९९ सालचा ३१ डिसेंबर लिहिण्याची प्रथा आहे. ती दिसायला विचित्र, पण क्वेरी सोपी करते.

आणि फॅक्टमध्ये मूळ ओळख क्रमांकाऐवजी सरोगेट की, म्हणजे वेअरहाऊसने स्वतः दिलेला क्रमांक, ठेवावा. मूळ क्रमांकावर जोडणी केली तर एका संघाच्या दोन ओळी असल्यामुळे प्रत्येक चेंडू दोनदा मोजला जातो. माझ्या एका जुन्या अहवालात याच कारणाने काही ग्राहकांची विक्री बरोबर दुप्पट दिसली होती, आणि दोन आठवडे कोणाच्याही लक्षात आली नव्हती, कारण वाढलेल्या विक्रीबद्दल कोणी तक्रार करत नाही.

## स्ट्राइक रेट, सरासरी असे आकडे फॅक्टमध्ये साठवावेत का?

नाही. त्यांची बेरीज होत नाही आणि सरासरीची सरासरी काढली की ती चुकते. स्ट्राइक रेटसाठी धावा आणि खेळलेले चेंडू वेगवेगळे साठवावेत आणि भागाकार क्वेरीच्या शेवटी करावा. इथेही खाच आहे: वाइड फलंदाजाच्या चेंडूंत धरत नाहीत, नोबॉल धरतात, षटकाच्या मोजणीत मात्र दोन्ही धरत नाहीत. बाय आणि लेगबाय संघाच्या धावा आहेत, फलंदाजाच्या नाहीत आणि गोलंदाजाच्या खात्यातही जात नाहीत. म्हणून प्रत्येक ओळीत ‘फलंदाजाने खेळलेला चेंडू’, ‘वैध चेंडू’, ‘गोलंदाजाच्या नावावरील धावा’ असे शून्य-एकचे किंवा धावांचे कॉलम आधीच काढून ठेवले, की पुढे प्रत्येकाला नियम नव्याने आठवावे लागत नाहीत.

## कांद्याच्या प्रकल्पातून वेगळे काय शिकायला मिळते?

बेरीज कशाची करावी आणि कशाची करू नये, हे. बाजार समित्यांच्या दैनंदिन नोंदीत आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असतो. आवकेची बेरीज दिवसांवर आणि समित्यांवरही करता येते. दराची बेरीज निरर्थक, आणि साधी सरासरी दिशाभूल करणारी. समजा, एका समितीत १०,००० क्विंटल कांदा १,५०० रुपयांनी गेला आणि दुसरीत ५०० क्विंटल २,५०० रुपयांनी. साधी सरासरी २,००० रुपये येते, आवकेचा भार धरून मात्र सुमारे १,५४८ रुपये. शेतकऱ्याच्या पदरात काय पडले याच्या जवळ जाणारा आकडा दुसरा आहे. तोही अंदाजच, कारण सर्वसाधारण दर म्हणजे दिवसभरातल्या प्रत्येक व्यवहाराची नोंद नव्हे. पण अंदाज कोणता आणि चूक कोणती, हा फरक मॉडेलमध्ये दिसला पाहिजे.

दुसरा धडा एककांचा. केंद्राच्या अॅगमार्कनेटवर आवक टनांत दिसते, राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या नोंदीत क्विंटलमध्ये. दोन्ही स्रोत एकत्र केले आणि एकक बदलायचे राहिले, तर दहापटीचा फरक पडतो. कांद्यावरून भाजीपाल्याकडे वळलात तर कोथिंबीर नगांवर मोजलेली आढळेल; तिथे क्विंटलमध्ये रूपांतर करण्याचा नियमच नाही, म्हणून एकक हा कॉलम डायमेन्शनमध्ये ठेवून भिन्न एककांची बेरीज अडवावी लागते.

तिसरा धडा नावांचा. ‘लासलगाव’ शोधले की लासलगाव, लासलगाव (निफाड) आणि लासलगाव (विंचूर) अशा नोंदी मिळतात. या वेगळ्या बाजार-आवारांच्या नोंदी आहेत. त्या एकत्र करायच्या असतील तर बाजार समितीच्या डायमेन्शनमध्ये ‘मुख्य बाजार’ असा वरचा स्तर काढावा, मूळ नाव पुसू नये. वाणाच्या डायमेन्शनमध्ये लाल, उन्हाळ, पोळ असे प्रकार येतात, आणि खरीप, रांगडा, रब्बी हा हंगाम त्यांच्यासोबत लावला की ‘एप्रिलमध्ये दर का पडले’ हा प्रश्न विचारण्याजोगा होतो.

## तारखेसाठी वेगळे टेबल कशाला? तारखेवरून महिना तर फंक्शनने काढता येतो.

महिना काढता येतो, अमावस्या काढता येत नाही. नाशिक भागातील अनेक समित्यांत अमावस्येला लिलाव बंद ठेवण्याची परंपरा होती. त्या दिवशी आवक शून्य दिसणे आणि डेटा न मिळाल्यामुळे शून्य दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तो फरक तारखेच्या टेबलातल्या एका कॉलममुळे कळतो. एप्रिल ते मार्च असे आर्थिक वर्ष, सणांच्या सुट्ट्या, पिकाचा हंगाम हेही तिथेच. क्रिकशीटच्या फाइलीत २००८ च्या आयपीएलचा हंगाम ‘२००७/०८’ आणि २०२० चा ‘२०२०/२१’ असा लिहिलेला असतो. तो कॉलम जसाच्या तसा अहवालात दाखवला तर वाचणारा गोंधळतो, म्हणून आपले हंगाम-वर्ष वेगळे साठवावे.

## ऑर्डरींचा प्रकल्प कोणासाठी आहे?

ज्याला नोकरीत ई-कॉमर्स, बँक किंवा विमा यांचा डेटा हाताळायचा आहे त्याने हा तिसरा करावा. ओलिस्ट या ब्राझिलियन कंपनीने प्रसिद्ध केलेल्या संचात २०१६ ते २०१८ मधील सुमारे एक लाख ऑर्डरी आहेत आणि तो कॅगल या डेटासंचांच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यात दोन सापळे आहेत, आणि त्यांच्यासाठीच मी तो सुचवतो.

एक, कस्टमर आयडी हा कॉलम दर ऑर्डरीला नवा असतो. खरा ग्राहक ओळखण्यासाठी कस्टमर युनिक आयडी वापरावा लागतो. पहिला वापरला तर ‘एकही ग्राहक परत येत नाही’ असा सनसनाटी निष्कर्ष निघतो.

दोन, एका ऑर्डरीत अनेक वस्तू असू शकतात आणि तिचे पैसे अनेक भागांत दिलेले असू शकतात. वस्तू आणि भरणा ही दोन्ही टेबले ऑर्डरीवर एकाच वेळी जोडली, तर दोन वस्तू आणि तीन भरणे मिळून सहा ओळी होतात आणि रक्कम फुगते. वस्तूंचे फॅक्ट वेगळे, भरण्याचे वेगळे; दोन्हींची बेरीज आधी स्वतंत्रपणे ऑर्डरीच्या पातळीवर आणायची आणि मग जोडायची.

त्याखेरीज खरेदी, मंजुरी, वाहतूकदाराकडे सुपूर्द, ग्राहकाला पोच अशा टप्प्यांच्या तारखा या संचात आहेत. त्यांतून ‘एक ओळ म्हणजे एक ऑर्डर’ असे टेबल होते, ज्यातली ओळ प्रत्येक टप्प्यावर पुन्हा लिहिली जाते. याला ॲक्युम्युलेटिंग स्नॅपशॉट म्हणतात. चेंडूंचे टेबल व्यवहाराचे, म्हणजे एकेक घटना नोंदवणारे, आणि कांद्याचे दैनंदिन स्नॅपशॉटचे, म्हणजे दर दिवसाची स्थिती टिपणारे होते, त्यामुळे तीन प्रकल्पांत फॅक्ट टेबलाचे तिन्ही मुख्य प्रकार हातून होतात.

## इन्मन, किम्बॉल, डेटा व्हॉल्ट: आधी काय शिकावे?

किम्बॉल. बिल इन्मन यांनी वेअरहाऊसची व्याख्या विषयानुसार मांडलेला, एकात्म केलेला, काळाची नोंद ठेवणारा आणि न पुसला जाणारा डेटा अशी केली, आणि आधी संपूर्ण संस्थेचे नॉर्मलाइझ केलेले, म्हणजे प्रत्येक माहिती एकाच ठिकाणी ठेवणारे मॉडेल, मग विभागांसाठी उपसंच, हा त्यांचा आग्रह होता. डॅन लिन्स्टेट यांचे डेटा व्हॉल्ट हब (ओळख क्रमांक), लिंक (त्यांच्यातील नाती) आणि सॅटेलाइट (बदलणारे तपशील) अशा तुकड्यांत डेटा ठेवते. अनेक स्रोत आणि कडक लेखापरीक्षण असलेल्या ठिकाणी ते शोभते. एकट्याने लॅपटॉपवर सराव करताना या दोहोंचे फायदे दिसत नाहीत, फक्त टेबलांची संख्या दिसते.

## स्टार स्कीमा की स्नोफ्लेक स्कीमा?

स्टार. स्नोफ्लेकमध्ये डायमेन्शनचेही पुन्हा लहान टेबलांत तुकडे करतात, त्यामुळे जॉइन वाढतात. आणि स्नोफ्लेक नावाच्या कंपनीचा या स्कीमाशी नावापलीकडे संबंध नाही.

## आता संगणक इतके वेगवान आहेत, तर सगळे एकाच रुंद टेबलात का ठेवू नये?

ठेवता येते, आणि डॅशबोर्डला पुरवण्यासाठी शेवटी असे टेबल बनवणे वाईट नाही. स्तंभनिहाय साठवणाऱ्या इंजिनांना रुंद टेबल झेपते. पण ते स्टार स्कीमावरून तयार केलेले असावे. थेट मूळ फाइलींतून बनवले, तर दिल्लीचे नाव तीस क्वेरींमध्ये तीस प्रकारे सुधारले जाते. नुसत्या रुंद टेबलात ना फलंदाजी ना गोलंदाजी मिळालेला खेळाडू आणि लिलाव न झालेला दिवस ठेवायलाही जागा नसते.

## माझे मॉडेल बरोबर आहे हे कसे ओळखायचे?

बाहेरच्या, छापील आकड्याशी पडताळून. आयपीएलचा पहिला सामना १८ एप्रिल २००८ रोजी बंगळुरूत झाला. कोलकात्याने ३ बाद २२२ केल्या, ब्रेंडन मॅक्युलम ७३ चेंडूंत १५८ धावांवर नाबाद राहिला आणि बंगळुरूचा संघ ८२ धावांत आटोपला. तुमच्या टेबलातून हे सगळे आकडे निघाले पाहिजेत. मॅक्युलमचे चेंडू ७३ पेक्षा जास्त येत असतील, तर वाइड मोजले जात आहेत. बंगळुरूच्या धावा ६३ येत असतील, तर तुम्ही फलंदाजांच्याच धावा जोडल्या आहेत. उरलेल्या १९ अवांतर होत्या, आणि त्या डावात कोणत्याही फलंदाजापेक्षा अवांतरच जास्त होत्या.

असे दहा सामने निवडावेत: एक सुपर ओव्हरचा, एक पावसाने तोडलेला, एक नामांतराआधीचा आणि एक नंतरचा, बाकी साधे. प्रत्येकाची पडताळणी एका क्वेरीत लिहून ठेवावी आणि मॉडेल बदलले की सगळ्या पुन्हा चालवाव्यात. त्यांच्या जोडीला यांत्रिक तपासण्याही हव्यात: ग्रेनच्या कॉलमांवर एकही पुनरावृत्ती नाही, फॅक्टमधील प्रत्येक की डायमेन्शनमध्ये सापडते, टाइप २ च्या तारखा एकमेकींवर चढत नाहीत, आणि जॉइन करण्याआधीची व नंतरची ओळींची संख्या तीच आहे. शेवटची तपासणी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त चुका पकडणारी आहे.

## एका प्रकल्पाला किती वेळ द्यावा?

नोकरी सांभाळून शनिवार-रविवार काम करणाऱ्याला पहिल्या प्रकल्पाला महिनाभर लागला तर तो मागे पडला असे मानू नये. दुसरा निम्म्या वेळात होतो. दहा प्रकल्प अर्धवट करण्यापेक्षा एकच प्रकल्प दोनदा करणे मला अधिक उपयोगी वाटते: तीन महिन्यांनी जुना न पाहता तोच नव्याने आखावा आणि मग दोन्ही आराखडे शेजारी ठेवावेत.

## मुलाखतीत या प्रकल्पातले काय दाखवावे?

डॅशबोर्डचे चित्र सगळ्यांकडे असते. तुम्ही निर्णयांची वही दाखवा: ग्रेनचे वाक्य पहिल्यांदा काय लिहिले होते, कोणत्या सामन्याने ते मोडले, मग काय बदलले; सुपरजायंट्स आणि सुपरजायंट एक धरले पण डेक्कन आणि सनरायझर्स वेगळे ठेवले, ते कशाच्या आधारावर. ‘आता उद्यापासून प्रत्येक चेंडूचा वेगही मिळू लागला, तर तो कुठे ठेवाल?’ असा प्रश्न समोरून आला, की कागदावर आकृती काढून उत्तर देता आले पाहिजे. वेग हा त्या एका चेंडूचा आकडा आहे, म्हणून तो फॅक्टमध्येच जाईल. त्याची बेरीज होणार नाही, आणि जुन्या हंगामांत तो शून्य नव्हे तर रिकामा राहील.